आत पडलेलं झाकण

१

हे सगळं घडलं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच वर्षी मला चाळिशीचा चष्मा लागला. दोन्हींची सवय व्हायला मला सारखाच वेळ लागला.

आमचा कारखाना प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे पोलादी साचे, बनवायचा. मी तिथे प्रिंटरूम सांभाळत असे. ट्रेसिंग कागदावरच्या ड्रॉइंगच्या अमोनिया प्रिंट काढायच्या, कोणती प्रिंट कोणाला दिली ते वहीत टिपायचं, जुन्या परत घ्यायच्या. एकवीस वर्षं मी हेच केलं होतं. माझ्या साड्यांना कायम अमोनियाचा वास यायचा. सासूबाई म्हणायच्या, "घरात शिरलीस की डोळ्यांतून पाणी येतं, लोकांना वाटेल मी सुनेला घाबरते."

तो गुरुवार होता, सकाळचे अकरा. एका दवाखान्याच्या सामानवाल्यासाठी आम्ही घंटीची डबी बनवत होतो. रुग्णाने पलंगावरून बटण दाबायचं आणि नर्सने यायचं, ती घंटी. डबीत सेलची जुडी बसायची आणि वर झाकण. सात आठवडे खपून मोल्ड तयार झाला होता आणि त्या दिवशी पहिली ट्रायल होती. आम्ही सगळे मोल्डिंग मशीनभोवती उभे होतो.

मशीन उघडलं. डबी टपकन खाली पडली.

"लोण्यासारखी सुटली!" टूलरूमचे मिस्त्री म्हणाले. ते सहसा कशाचंच कौतुक करत नसत, स्वतःच्या जावयाचंसुद्धा.

मालकांनी डबी हातात घेतली, निवू दिली, आधीच तयार असलेलं झाकण उचलून तिच्यावर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं.

झाकण आत पडलं.

मालकांनी डबी उलटी करून झाकण बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं, ते पुन्हा आत पडलं. मग त्यांनी मान वर केली आणि कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलीकडे पाहिलं.

"ही तुझी फाइल ना?"

"हो साहेब. पण मी डबीचं तोंड अठ्ठेचाळीस मिलिमीटरच ठेवलं होतं."

"मग हे काय आहे?"

मालकांचा भाचा मध्ये बोलला. त्याला आम्ही पाठीमागे भाचेबुवा म्हणत असू. "मामा, मी आधीच सांगितलं होतं. हिला शाळेतून आणलंय. फळ्यावर केळी-आंबे काढणं वेगळं आणि मोल्ड वेगळा."

मुलगी खरंच शाळेत चित्रकला शिकवायची. कायमची नोकरी सोडून, वडिलांशी अबोला पत्करून, ती आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. ते सहा महिने शनिवारी संपत होते.

मालक माझ्याकडे वळले. "ताई, कागद सगळे तुमच्याकडे असतात. कुठे चुकलं ते शोधा. शनिवारी बारापर्यंत. नाही सापडलं तर मला आता जे दिसतंय तेच खरं धरीन, आणि हिला पत्र देईन."

मुलीने ते झाकण हातात घेतलं होतं. ती ते परत ठेवायलाच विसरली.

२

मला मोल्ड कळायचा, कॉम्प्युटर कळायचा नाही. म्हणून आधी तिच्या खोलीत गेले.

"मला अगदी बाळबोध सांग," मी म्हटलं. "मी तुझ्या वर्गात बसले आहे असं समज."

ती जरा हसली. "ताई, बर्फाच्या ट्रेमधला खडा वरून रुंद आणि खाली निमुळता असतो, बरोबर? भिंती सरळ उभ्या असत्या तर तो सुटलाच नसता. प्लास्टिकचंही तसंच. म्हणून प्रत्येक भिंतीला थोडा उतार द्यायचा. ड्राफ्ट म्हणतात त्याला. आपण एक अंश दिला."

"आपले ड्रॉइंगचे मास्तर पण एकच अंश देतात."

"हो, फक्त ते कागदावर लिहितात. इथे काय होतं बघा." तिने पडद्यावर डबी फिरवली. "कॉम्प्युटर चार गोष्टी विचारतो. मोल्ड कुठल्या दिशेला उघडणार? कुठल्या भिंती? किती अंश? आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची. कुठली पातळी जागेवर धरायची?"

"म्हणजे?"

तिने एक पुठ्ठा उभा धरला. "ही भिंत. वरची कड घट्ट धरून वाकवली तर खालची कड आत जाते. खालची कड धरून वाकवली तर वरची बाहेर जाते. उतार तोच, माप वेगळं."

हे मला लगेच समजलं. साडीच्या निऱ्या वरून धरायच्या की खालून, तसं.

"मी तोंडाची पातळी धरली होती," ती म्हणाली. "कारण झाकण तोंडात बसतं. तोंड अठ्ठेचाळीस मिलिमीटर, तळ सेहेचाळीस पूर्णांक सहा. आणि आता हे बघा."

तिने फाइलमधला उतार उघडून दाखवला. जागेवर धरलेली पातळी तळाची होती. तळ अठ्ठेचाळीस, तोंड एकोणपन्नास पूर्णांक चार.

"मी हे केलेलं नाही, ताई."

मी प्रिंटरूममध्ये जाऊन कपाट उघडलं. तिने फाइलवरून काढलेला एक कागद माझ्याकडे होता, सात आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारची तारीख घातलेला. त्यावर तोंड अठ्ठेचाळीसच होतं.

म्हणजे त्या शुक्रवारनंतर कोणीतरी ती पातळी हलवली होती.

३

मिस्त्री चहा पीत होते. मला पाहून त्यांनी बशी खाली ठेवली.

"या ताई. उंदीरवालीची वकिली घेतलीत म्हणे." माउसमुळे त्यांनी मुलीला हे नाव ठेवलं होतं.

"वकिली नाही. तुम्ही कोअर कशावरून कापला?" कोअर म्हणजे साच्यातला तो पोलादी ठोकळा, ज्याच्याभोवती डबीचं पोट घडतं.

"फ्लॉपीवरून. तिनेच आणून दिली. मी म्हटलं, बाई, मला कागद द्या, मी कागदाला शिव्या देऊ शकतो, या चौकोनाला काय बोलू?"

"आणि झाकणाचा मोल्ड?"

"तो कागदावरून. मास्तरांचं ड्रॉइंग, तुमची प्रिंट. त्यात चूक निघाली तर माझ्या मिशा काढा."

इथे मास्तरांबद्दल सांगायला हवं. ते आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य. मी एकोणिसाव्या वर्षी लागले तेव्हा पेन्सिलीला टोक कसं करायचं इथपासून त्यांनी मला शिकवलं. छत्तीस वर्षं कारखान्यातली प्रत्येक रेघ त्यांच्या नजरेखालून गेली होती. हाताखालच्या माणसाचं ट्रेसिंग त्यांना पटलं नाही तर ते न बोलता, न रागावता, ब्लेडने रेघ खरवडायचे, नवी ओढायचे, कोपऱ्यात बारीक सही आणि तारीख घालायचे, आणि ट्रेसिंग माझ्या टेबलावर ठेवायचे. कोपऱ्यात नवी सही दिसली की पुढचं काम माझं. त्या भागाला जे जे जोडलं जातं त्या सगळ्याच्या प्रिंट मी परत मागवायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. मग ते तीही ड्रॉइंग सुधारायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कधी चुकलंही नव्हतं.

कॉम्प्युटरला ते खेळणं म्हणायचे. "बाळांनो, खेळून झालं की बोर्डावर या," असं मुलीच्या खोलीत डोकावून म्हणायचे. ट्रायलच्या आठवड्यात ते रजेवर होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"ती फ्लॉपी आहे का अजून?" मी मिस्त्रींना विचारलं.

"खणात असेल. तुमच्यासारखं जपून ठेवायची सवय मला नाही, पण टाकायचाही कंटाळा."

फ्लॉपी सापडली. मुलीने ती लावली आणि आम्ही दोघी वाकून पाहू लागलो. फाइल शेवटची केव्हा जतन केली ते तिथे लिहिलेलं होतं. त्या शुक्रवारनंतरचा शनिवार, दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

जेवणाची सुट्टी एक ते दीड.

"त्या दिवशी तू जेवायला होतीस?"

मुलीचा चेहरा उतरला. "नाही. माझ्या मोठ्या बहिणीचे दिवस भरत आले होते. बाहेरच्या बूथवरून तिला फोन करायला गेले होते."

"कोणी पाहिलं?"

"नाही."

मिस्त्री दारात उभे होते. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ताई, हे मालकांना सांगू नका. पोरीलाच महागात पडेल."

४

मी ते सांगितलं नाही. पण विचारायचं थांबवलंही नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, भाचेबुवांच्या केबिनमध्ये गेले. खरेदी त्यांच्याकडे होती आणि कॉम्प्युटरही त्यांनीच आणला होता.

"मला काय विचारता? मी त्या भानगडीत नसतो."

"कॉम्प्युटर चालवता की."

"चालवतो म्हणजे, आकडे बदलायचं येतं. पातळी-बितळी मला विचारू नका." मग पुटपुटले, "आणि तसंही त्याचं जाडं पुस्तक दोन महिन्यांपासून गायब आहे. हजार पानांचं. कोणी नेलं देव जाणे. त्या मुलीला विचारा तेही."

त्यांच्या खिडकीत पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्यात घंटीचे सेल होते, तीन-तीन एकत्र गुंडाळून जुडी केलेले. मी एक उचलली. उगाच. मग पिशवीतला व्हर्नियर, म्हणजे मापाची पोलादी पट्टी, काढला आणि मोजली. प्रिंटरूमच्या बाईच्या पिशवीत व्हर्नियर कशाला, असं लोक विचारायचे. घरी बायका कंबरेला किल्ल्या लावतात, तसा माझ्याकडे तो असायचा.

सेहेचाळीस पूर्णांक नऊ.

"ड्रॉइंगवर सेहेचाळीस आहे," मी म्हटलं.

भाचेबुवांनी खोका ओढून घेतला. "थोडं इकडे तिकडे चालतं. नवा पुरवठादार आहे, स्वस्त देतो. गुंडाळी जरा जाड झाली आहे, एवढंच."

"मुलीच्या मूळ फाइलमध्ये तळ सेहेचाळीस पूर्णांक सहा होता. ही जुडी त्यात तळापर्यंत गेलीच नसती."

"पण आता जाते ना? मग?"

त्यांना स्वतःच्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. मला कळला.

"हे सेल आले केव्हा?"

"मुलीने फाइल संपवली त्याच शुक्रवारी. सात-आठ आठवडे झाले."

"कोणी कोणी पाहिले?"

"मिस्त्रींनी पाहिले. ते म्हणाले, बसले नाहीत तर कोअर भंगारात, मग बघा. म्हणून मी मास्तरांना दाखवले. त्यांनी भिंग लावून मोजले, परत दिले. हं नाही की चूं नाही."

"आणि मुलीने?"

"तिला कशाला दाखवू? ती काय माझी साहेब आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, मामांना सेलचं सांगायची काही गरज नाही हं. चूक फाइलची आहे."

मी बाहेर आले. बारा-चौदा पावलं चालले असेन, आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

डबी बिघडवली नव्हती. डबी कोणीतरी दुरुस्त केली होती.

५

दुपारी जेवण गेलं नाही. डबा उघडा ठेवून मी मनाशी मांडत बसले.

कोणाला मुलीचा काटा काढायचा असता, तर त्याने उतार उलटा दिला असता, किंवा काढूनच टाकला असता. डबी कोअरवर चिकटून बसली असती आणि मोल्डचं नुकसान झालं असतं. पण इथे डबी लोण्यासारखी सुटली. दिशा बरोबर, अंश बरोबर, फक्त पातळी तळाची. का? कारण जाड जुडी तळाला अडकू नये. ज्याने केलं त्याला कामाचं भलं व्हायला हवं होतं.

मग असं करणारा माणूस कोण? त्याला तीन गोष्टी हव्यात. त्याने सेल पाहिलेले हवेत, त्याला उतार कळायला हवा, आणि त्याला कॉम्प्युटर यायला हवा.

भाचेबुवांनी सेल पाहिले होते, कॉम्प्युटरही थोडा येत होता, पण त्यांनी सरळ अठ्ठेचाळीसचे एकोणपन्नास केले असते. पातळी हलवणं त्यांच्या डोक्यात आलं नसतं. मिस्त्रींना उतार झोपेतही कळायचा, पण त्यांनी कॉम्प्युटरला हात लावण्यापेक्षा विस्तवाला लावला असता. मुलीला उतार येत होता, कॉम्प्युटर येत होता, पण तिने सेल पाहिलेच नव्हते.

तीनही गोष्टी असलेला माणूस कारखान्यात नव्हता. निदान, असं आम्हांला वाटत होतं.

समोरच्या टेबलापाशी मास्तरांची रिकामी खुर्ची होती. रजेमुळे रिकामी, असं मनात आलं, आणि मग आठवलं की ती रजेच्या कितीतरी आधीपासून जेवणाच्या सुट्टीत रिकामीच असायची. "पथ्य आहे, घरून खाऊन येतो," असं ते म्हणायचे.

मी डबा तसाच टाकून मुलीच्या खोलीत गेले.

"एक सांग. त्या दिवसांत तुझ्या खोलीत काही वेगळं दिसायचं का? कितीही बारीक असो."

तिने विचार केला. "काही नाही. म्हणजे, भाचेसाहेब माझा पडदा बदलून ठेवायचे. मी काळ्यावर बारीक रेघा ठेवते. परत येऊन बघावं तर पांढऱ्यावर जाड काळ्या रेघा, अक्षरं ही एवढी मोठी, आणि डबीचा एकच कोपरा अख्ख्या पडद्यावर पसरलेला. मी रोज परत नीट करायची. साहेबांना कसं बोलणार?"

"भाचेबुवांना चष्मा नाही," मी म्हटलं. "त्यांना रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते."

"मग कोण?"

पांढऱ्यावर काळ्या रेघा. ट्रेसिंगसारख्या. गेलं वर्षभर ज्या माणसाला बोर्डावरची रेघ दिसत नव्हती, आणि जो मला हळूच म्हणायचा, "पोरी, एवढा आकडा वाच गं, उजेड कमी आहे," त्या माणसाला हव्या असतील अशा.

खोलीची किल्ली प्रिंटरूमच्या दारामागे खिळ्याला असायची. माझ्याच दारामागे.

६

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं.

"ये गं. बघ तुझ्या मास्तरांना. डोळ्याला विश्रांती द्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तर हे कान टवकारून दिवसभर माझ्या चुका ऐकतात. भांडं ठेवल्याच्या आवाजावरून सांगतात, झाकण नीट बसलं नाही."

मास्तर खिडकीपाशी काळा चष्मा लावून बसले होते. शेजारच्या स्टुलावर खाकी कागदाचं कव्हर घातलेलं जाडं पुस्तक होतं, वर भिंग. कव्हर घालायची पद्धत त्यांचीच, कोपरे दोनदा दुमडलेले.

"ट्रायल झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"सुटली?"

"लोण्यासारखी."

ते हसले. किती दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. "आणि जुडी? बसली ना तळापर्यंत?"

त्या प्रश्नाने माझं काम संपलं होतं. पण पुढचं बोलणं मला जड गेलं.

"बसली, मास्तर. झाकण मात्र आत पडलं."

हसू थांबायला थोडा वेळ लागला. मग ते स्वतःशीच म्हणाले, "झाकण. झाकणाची प्रिंट." आणि मग माझ्याकडे वळून, जवळजवळ रागाने, "पण तू ती परत का मागवली नाहीस?"

"मला कुठे माहीत होतं? माझ्याकडे ट्रेसिंग आलंच नाही."

स्वयंपाकघरात काकूंनी नळ बंद केला.

"एकवीस वर्षांत," मास्तर सावकाश म्हणाले, "माझा बदल तुझ्या टेबलावर गेला नाही असं झालं नव्हतं. मी रेघ बदलायचो आणि डोक्यातून काढून टाकायचो. पुढचं तू बघशील म्हणून. त्या दिवशीही तसंच काढून टाकलं." त्यांनी हात उघडून मिटला. "सहीला कोपरा शोधला होता मी. सापडेना. मग म्हटलं, खेळणंच आहे, याला कुठला कोपरा असणार."

"शिकलात केव्हा?"

"वर्षभर बोर्डावर रेघ दिसत नव्हती गं. अंदाजाने ओढायचो. एकदा त्या मुलीच्या पडद्यावर डबी एवढी मोठी दिसली आणि मला तिची कड दिसली. स्वच्छ. मग जेवण सोडून तिथे बसायला लागलो. सगळ्यांदेखत खेळणं म्हटल्यावर, शिकवा म्हणून कोणाला सांगू?"

"मास्तर, त्या मुलीला उद्या काढताहेत. फाइल तिची म्हणून."

ते उभे राहिले. इतक्या झटकन, की स्टूल कलंडलं आणि भिंग खाली पडलं.

"हे तू आल्या आल्या सांगायचंस," ते म्हणाले. "माझा सदरा कुठे आहे?"

"आता कारखाना बंद आहे."

"मग उद्या किती वाजता उघडतो?" छत्तीस वर्षं जाणारा माणूस मला विचारत होता.

७

शनिवारी साडेअकराला मास्तर आले. एका हाताला काकू, दुसऱ्या हातात खाकी कव्हराचं पुस्तक. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे होतो. टेबलावर मुलीचं पत्र टाइप होऊन पडलं होतं, सही व्हायची होती.

"तुम्ही कशाला आलात? बसा, डोळे सांभाळा," मालक म्हणाले.

"बसत नाही. आधी सांगतो." आणि उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. शनिवार, जेवणाची सुट्टी, पडद्यावर बदललेली पातळी, राहून गेलेलं झाकण. कारण देताना मात्र एवढंच म्हणाले, "जुडी जाड होती. तळाला अडकली असती."

मालकांनी वळून विचारलं, "कसली जाड?"

भाचेबुवा छताकडे पाहू लागले.

मी व्हर्नियर आणि एक जुडी टेबलावर ठेवली. मालकांनी स्वतः मोजली. मग जुडी डबीत सोडली. ती सरकत तळाला गेली आणि तिथे बसली, जशी बसायला हवी तशी.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "हिच्या पहिल्या फाइलप्रमाणे कापलं असतं तर?"

"तर जुडी तळाच्या वरच अडकली असती. डबीचं पोट मोठं करायचं म्हणजे कोअर जाड करायचा. पोलाद कापून कमी करतो मी, साहेब, वाढवू कसं? कोअर भंगारात गेला असता आणि पुन्हा सात आठवडे."

"आणि आता?"

"आता झाकणाची कड वाढवायची. तिथे मोल्डमधलं पोलाद थोडं काढायचं, बस. तीन दिवस. बुधवारी झाकण देतो." मग मास्तरांकडे न बघता म्हणाले, "कोणाचं का असेना, काम अक्कलेचं झालंय."

मालक खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे ट्रायलची डबी बरोबरच होती आणि चूक झाकणाची होती."

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याच्या कामात हात घातला आणि खूण ठेवली नाही. हिच्याकडे फाइलचा छापील कागद असेल तर द्या."

मुलीने आताच्या फाइलवरून एक कागद काढून आणला. मास्तरांनी तो टेबलावर पसरला, काळा चष्मा कपाळावर चढवला, आणि नाक कागदाला टेकेल इतकं वाकून खालचा उजवा कोपरा शोधला. बारीक सही केली. खाली सात आठवड्यांपूर्वीच्या त्या शनिवारची तारीख घातली. मग सवयीने कागद माझ्याकडे सरकवला.

"झाकणाच्या प्रिंट परत मागव," ते म्हणाले.

मालकांनी टाइप केलेलं पत्र चुरगाळलं नाही, फाडलं नाही. उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर मुलीला कायम केल्याचं हाताने लिहून दिलं. कागद वाया घालवणं त्यांना कधीच आवडत नसे.

बाहेर आल्यावर मुलगी मास्तरांना म्हणाली, "सर, तुम्ही मला विचारलं असतंत तर मी शिकवलं असतं."

"तू केळी-आंबे शिकवायचीस ना?" मास्तर म्हणाले. "मला सोमवारपासून उतार शिकव. ती पातळी मी चुकून पकडली होती की समजून, हे अजून मला पक्कं माहीत नाही."

८

यातलं पुढे काय झालं ते सांगून टाकते.

भाचेबुवा खरेदीतून विक्रीत गेले आणि तिथे चांगले चालले. विक्रीत मापं लागत नाहीत. अलीकडे भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, त्या घंटीची आयडिया माझीच होती." मी हो म्हटलं.

मिस्त्री निवृत्त झाल्यावर त्यांच्या नातवाने त्यांना घरी कॉम्प्युटर घेऊन दिला. ते त्यावर पत्ते खेळत आणि हरले की त्याला शिव्या देत. म्हणजे अखेर त्यांना त्या चौकोनाला काय बोलायचं ते सापडलं.

मालकांनी कारखाना दहा वर्षांनी विकला; मी आणि ती मुलगी नव्या मालकांकडे राहिलो. जाताना प्रिंटरूमसमोर थांबले, दार उघडून आत वास घेतला आणि गेले.

मास्तर दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे ते दोन वर्षांनी झाले. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. शेवटच्या मोल्डची फाइल त्यांनी स्वतः केली, पांढऱ्यावर जाड काळ्या रेघांत. ते गेले त्याला आता पंधरा वर्षं होतील. काकूंनी ते खाकी कव्हराचं पुस्तक मुलीला दिलं.

ती मुलगी पुढे ड्रॉइंग ऑफिसची मुख्य झाली. वडील तिच्याशी बोलायला लागले, पण बहिणीच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला, मोल्डमुळे नव्हे. तिने पहिलं काम काय केलं असेल, तर प्रत्येक फाइलच्या पानावर खाली उजवीकडे एक चौकोन केला. बदल कोणी केला, केव्हा, आणि कोणत्या भागाला कळवायला हवं. तो भरल्याशिवाय फाइल टूलरूमला जात नसे. मी अमोनियाचं मशीन बंद करून तो चौकोन तपासायला बसले आणि आणखी अकरा वर्षं तेच केलं.

ट्रायलची पहिली डबी आणि ते पहिलं झाकण मी मागून घेतलं होतं. घरी त्यात सुया आणि बटणं ठेवते. झाकण अजूनही आत पडतं. मी ते नखाने उचलून घेते आणि पुन्हा वर ठेवते.